गंजिफाची पाने आणि परवडणारा कॅमेरा

चार वर्षांपूर्वी सावंतवाडीत चित्रकाम करणाऱ्या एका मुलीने माझ्यासमोर एक जुना फोटो ठेवला आणि विचारले, "काका, या पानाची जमीन हिरवी होती की निळी?"

फोटो मीच काढलेला होता, २००९ साली. सावंतवाडीजवळच्या एका गावात एका आजींकडे दशावतारी गंजिफांचा जुना संच होता. नवा खिशात मावणारा कॅमेरा घेऊन मी एका दुपारी ती सगळी पाने टिपली आणि मोठे काम केल्याच्या समाधानात घरी आलो. पुढे आजी गेल्या. नंतरच्या एका पावसाळ्यात माळ्यावर पाणी उतरले आणि लाख, कागद, रंग यांचा एक गोळा झाला. घरच्यांना तो संच पुन्हा रंगवून हवा होता. आधाराला माझे फोटो तेवढे उरले होते, आणि मला त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही.

छायाचित्रणाचे शिक्षण मी घेतलेले नाही. वीसेक वर्षे छोटा छापखाना चालवला, त्यामुळे शाई, कागद आणि ठिपके थोडेफार कळतात. बाकीचे चुका करत शिकलो. हाताने घडवलेल्या लहान वस्तूंचे फोटो काढायला कोणता कॅमेरा घ्यावा, हे कारागीर, त्यांची मुले आणि माझ्यासारखे हौशी संशोधक मला अधूनमधून विचारतात. सगळ्यांचे बजेट बेताचेच असते. या लेखात त्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देतो. पण आधी २००९ साली काय चुकले ते सांगितले पाहिजे, कारण उत्तर त्यातच आहे.

पान म्हणजे काय

दशावतारी गंजिफांच्या संचात १२० पाने असतात. दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगात बारा पाने: एक्क्यापासून दश्शापर्यंत दहा, शिवाय प्रधान आणि राजा. मत्स्याला मासा, कूर्माला कासव, परशुरामाला परशू अशी चिन्हे मोजून पानाची किंमत कळते. मोगल पद्धतीच्या संचात आठ रंग आणि ९६ पाने असतात. सावंतवाडीत ही कला मोडकळीला आली असताना शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी १९७० च्या दशकात राजवाड्यात हे काम पुन्हा उभे केले. आज तिथे ही पाने रंगवताना पाहायला मिळतात.

आजींच्या संचातले पान गोल, साधारण सात सेंटीमीटर व्यासाचे होते. खाली चिंचोक्याच्या खळीने चिकटवलेले थर, वर रंगाची जमीन, त्यावर बारीक कुंचल्याची रेघ आणि सगळ्यावर लाखेचा हात. या संचात प्रत्येक अवताराची जमीन वेगळ्या रंगाची होती. खेळणारा माणूस हातातल्या पानांची जुळणी आधी जमिनीवरून करतो, चिन्ह नंतर मोजतो. म्हणजे जमिनीचा रंग चुकला तर नुसती शोभा जात नाही, पानाची ओळखच जाते.

माझ्या फोटोंत तीन दोष होते. पहिला लाखेचा. फ्लॅश भिंगाला लागूनच होता आणि पान समोर, त्यामुळे प्रकाश पानावर आपटून सरळ भिंगात परतला. बहुतेक राजांच्या तोंडावर पांढरा डाग आला आणि त्या डागाखालची रेघ कायमची गेली. दुसरा दोष, अर्ध्यावर हे लक्षात आल्यावर मी फ्लॅश बंद करून घरातला पिवळा बल्ब लावला. आता एका बाजूने दारातला दिवसाचा उजेड आणि दुसऱ्या बाजूने बल्ब. दिवसाच्या उजेडाचे रंगतापमान ५५०० केल्विनच्या आसपास, तर जुन्या बल्बचे २७०० ते ३०००. एकाच पानाची डावी कड निळसर आणि उजवी पिवळसर झाली. तिसरा दोष सगळ्यांत फसवा होता. व्हाइट बॅलन्स आपोआप ठरत होता. चौकटीत लाल रंग जास्त आला की कॅमेरा समजतो प्रकाशच लाल आहे, आणि सगळा फोटो उलट्या दिशेने ओढतो. पानांखाली अंथरलेला पांढरा पंचा माझ्या फोटोंत कुठे दुधी, कुठे लिंबासारखा, कुठे आभाळी दिसतो. पंचाच ठरत नाही, तिथे जमीन हिरवी की निळी ते कसे ठरणार?

यांतला एकही दोष कॅमेरा स्वस्त होता म्हणून झालेला नव्हता.

मेगापिक्सेलचा हिशेब

दुकानात गेलो की पहिला आकडा मेगापिक्सेलचा ऐकू येतो. छापखान्यातल्या हिशेबाने पाहू. चांगल्या छपाईला इंचाला ३०० ठिपके लागतात. सात सेंटीमीटरचे पान चौकटीत ३००० पिक्सेल रुंद आले, तर ते दहा इंच, म्हणजे मूळ आकाराच्या साडेतीन पटींहून मोठे छापता येते. दर मिलिमीटरला सुमारे ४३ पिक्सेल पडतात. कुंचल्याची रेघ मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी बारीक असली तरी तिच्या वाट्याला चार पिक्सेल येतात. एवढे १८ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात आरामात बसते, कारण त्याची चौकट ५१८४ बाय ३४५६ पिक्सेलची असते. त्यापुढच्या आकड्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत.

मग कॅमेऱ्यात पाहायचे काय? माझ्या मते तीन गोष्टी.

एक, सगळे हाताने ठरवता यावे. ॲपर्चर, शटर, आयएसओ आणि विशेषतः व्हाइट बॅलन्स एकदा बांधून ठेवला की १२० पाने होईपर्यंत तो हलता कामा नये. जमल्यास रॉ फाइल मिळावी. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या असतात, तर १४ बिटांच्या रॉमध्ये १६३८४. रंग पुढे दुरुस्त करायचा झाला तर ही शिल्लक कामी येते.

दोन, थोडे लांब राहूनही वस्तू मोठी दिसावी. मोबाइलचे मुख्य भिंग रुंद कोनाचे असते. पांगाऱ्याच्या लाकडाचा आंबा त्याने जवळून टिपला की पुढचा भाग फुगतो आणि देठ आत पळतो. बऱ्याच मोबाइलमध्ये 'मॅक्रो' लावले की फोन गुपचूप आणखी रुंद भिंगावर जातो आणि फुगवटा वाढतो. त्यापेक्षा दीड-दोन फूट मागे सरून दुप्पट झूमवर काढलेला फोटो खरा दिसतो. डीएसएलआरसोबत येणारे १८-५५चे साधे भिंग ५५ वर ठेवून पंचवीस-तीस सेंटीमीटरवरून वस्तूचा जवळजवळ एक तृतीयांश आकार सेन्सरवर उतरवते. गंजिफाच्या पानाला एक पंचमांशही पुरतो. म्हणजे पानांसाठी वेगळे मॅक्रो भिंग लागतच नाही. नथ, मणी अशा दोन सेंटीमीटरच्या वस्तूंना ते कमी पडते. तिथे ५० मिलिमीटरच्या भिंगामागे नुसती पोकळ नळी, म्हणजे एक्स्टेन्शन ट्यूब लावावी. २५ मिलिमीटरची नळी लावली की २५ भागिले ५०, म्हणजे निम्म्या आकाराची भर पडते. नळीत काच नसल्यामुळे ती स्वस्तही असते.

तीन, ट्रायपॉडची आटी आणि टायमर. कॅमेरा घट्ट बसला आणि दोन सेकंदांच्या टायमरवर शटर पडले की पाव सेकंदाचा फोटोही हलत नाही. अंधूक उजेडासाठी मग महागडे भिंग लागत नाही.

मोठा सेन्सर नेहमीच चांगला, ही समजूतही तपासून घ्यावी. एकच चौकट आणि एकच ॲपर्चर ठेवले तर लहान सेन्सरला फोकसची खोली जास्त मिळते. माझ्या डीएसएलआरवर एफ ११ ला लाकडी आंब्याचा जेमतेम सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर भाग रेखीव येतो. एफ १६ च्या पुढे गेलो की सगळाच फोटो मऊ पडतो. त्यावर साधा उपाय म्हणजे मागे सरायचे, वस्तू चौकटीत लहान घ्यायची आणि नंतर कापायची. पिक्सेल तसेही शिल्लक असतात.

घ्यायचा कोणता

तुमच्या मोबाइलमध्ये 'प्रो' मोड असेल आणि फोटो विक्रीसाठीच हवे असतील, तर कॅमेरा घेऊ नका. ते पैसे स्टँड आणि प्रकाशावर घाला. फक्त 'सुंदर' करणाऱ्या सगळ्या सोयी बंद करा. मोबाइल कातडीसारखी लाखही गुळगुळीत करतो, रंग भडक करतो आणि कुंचल्याचा थरकाप पुसून टाकतो. चितारआळीतल्या एका बाईंनी पाठवलेला डबा गिऱ्हाइकाने परत केला, कारण फोटोत तो शेंदरी होता आणि हातात आला तांबडा. जाण्यायेण्याचा खर्च बाईंच्या अंगावर पडला.

नोंदीसाठी, पुस्तकासाठी फोटो हवे असतील तर दहा-बारा वर्षांपूर्वीचा साधा डीएसएलआर जुन्या बाजारात पाहावा. माझा मी मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात घेतला. घेताना चार गोष्टी पाहाव्या: शटर किती वेळा पडले आहे, बॅटरी किती टिकते, काळ्या कागदाच्या फोटोत ठिपके दिसतात का, आणि भिंगातून टॉर्च मारल्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसते का. कोकणातल्या दमट हवेत बुरशी हा भिंगाचा मोठा वैरी. घरी आणल्यावर कॅमेरा झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावा, कपाटात कपड्यांत गुंडाळून ठेवू नये.

स्कॅनर का नको, असेही विचारतात. सपाट कागदाला तो उत्तमच. पण जुनी पाने वाकलेली असतात, स्वस्त स्कॅनरला खोली जवळजवळ नसते आणि काचेवर दाबले तर लाखेला इजा होते.

मांडणी

आता मी असे करतो. पान टेबलावर आडवे, कॅमेरा वरून सरळ खाली. तो खरोखर सरळ आहे का हे पाहायला पानाच्या जागी छोटा सपाट आरसा ठेवतो. भिंगाचे प्रतिबिंब बरोबर मध्यभागी दिसले की कॅमेरा समांतर बसला. तिरका राहिला तर गोल पान अंडाकृती होते. प्रकाश दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवरून, म्हणजे लाखेवरून परतणारा उजेड भिंगात न येता पलीकडे निघून जातो. मध्ये पेन्सिल उभी धरली आणि तिच्या दोन्ही सावल्या सारख्या पडल्या की प्रकाश समतोल झाला. दिवे नसतील तर एक मोठी खिडकी, तिच्यावर ट्रेसिंग पेपर आणि समोर पांढरे कार्ड पुरते. मात्र घरातला प्रत्येक दिवा बंद हवा. कॅमेऱ्याचे चकचकीत भाग लाखेत दिसू नयेत म्हणून भिंगापुरते भोक पाडलेला काळा कागद पुढे लावतो. पोलरायझर घ्यायचा मोह होतो, पण समोरासमोरच्या फोटोत नुसत्या भिंगावर लावून त्याचा फारसा उपयोग होत नाही. दिव्यांवरही तसाच पडदा लावावा लागतो.

एलईडी दिवा घेताना खोक्यावर सीआरआय ९० च्या वर आहे का ते पाहावे. हलक्या दिव्यात तांबड्याचा अंश कमी असतो आणि लाखेचा लाल मातकट दिसतो. जुन्या पानांवर दिवे काम होईपर्यंतच ठेवावेत. कागद आणि कापड दाखवताना संग्रहालये ५० लक्सच्या आसपास थांबतात, ते उगाच नाही.

सगळ्यांत महत्त्वाची वस्तू सगळ्यांत स्वस्त आहे: करडे कार्ड आणि मिलिमीटरची पट्टी. पहिल्या फोटोत दोन्ही ठेवायची. करड्यावरून व्हाइट बॅलन्स बांधायचा आणि मग प्रकाश बदलेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. पन्नास वर्षांनी कुणी तो फोटो उघडला तर रंग आणि माप दोन्हींची साक्ष त्यातच असते.

त्या मुलीने शेवटी काय केले ते सांगतो. पंचा पांढरा होता असे धरून तिने जमतील तेवढे फोटो दुरुस्त केले. ज्या पानांवर बल्ब आणि दार दोन्हींचा उजेड होता, तिथे काहीच ठरेना. अशा एका रंगाची बारा पाने तिने हिरवी रंगवली आणि संचासोबत चिठ्ठी लिहून ठेवली: ही जमीन निळीही असू शकेल.

नव्या संचाचे फोटो आम्ही दोघांनी मिळून काढले. दोन दिवस लागले. पहिल्या फोटोत पट्टी, करडे कार्ड आणि तिची ती चिठ्ठी आहे.