बसलेली बॅटरी, धडधाकट गाडी

२६ मे २०१७ रोजी नागपुरात टॅक्सी कंपनी ओलाने विजेवर चालणाऱ्या दोनशे वाहनांचा ताफा रस्त्यावर उतरवला. त्यात महिंद्राच्या ई-टू-ओ प्लस या लहान चारदरवाजी मोटारी शंभर होत्या. चार्जिंगसाठी लागणाऱ्या रांगा आणि बुडणारा धंदा यांवरून त्या प्रयोगाची पुष्कळ चर्चा झाली. त्या पिढीच्या मोटारी म्हाताऱ्या झाल्यावर त्यांचे काय करायचे, हे मात्र कोणी फारसे विचारले नाही. ई-टू-ओ आता बनत नाही. चार्ज केल्यावर गाडी पूर्वीच्या निम्मेच अंतर जाऊ लागली की बॅटरी बसली म्हणतात, आणि बॅटरी बसली म्हणजे गाडी संपली असे धरून चालतात. मला हे गृहीतक चुकीचे वाटते. विजेच्या गाडीत म्हातारपण सगळ्या अंगांना एकदम येत नाही. एसी मोटरला घासणारे ब्रश नसतात, बदलायचे इंजिन ऑइल नसते, फिरणारा भाग जवळजवळ एकच. टायर, रबर, बेअरिंग, ब्रेक हे कोणत्याही गॅरेजात बदलता येते. झिजते ती बॅटरी, कारण तिचे काम रासायनिक आहे. तेव्हा जुन्या गाडीत नवा लिथियम पॅक बसवणे हा हौशी लोकांचा खेळ नाही, ती साधी दुरुस्ती आहे.

याचा सर्वांत चांगला पुरावा ई-टू-ओच्या थोरल्या बहिणीत सापडतो. चेतन मैनी यांच्या कंपनीने २००१ साली बंगळुरूत रेवा बाजारात आणली. तिच्या सीटखाली ६ व्होल्टच्या आठ लेड-ॲसिड बॅटऱ्या असत: ४८ व्होल्ट, २०० अँपिअर-तास, म्हणजे कागदावर साडेनऊ युनिट वीज. शिशाच्या बॅटरीत किलोमागे साधारण ३५ वॉट-तास मावतात, म्हणून हे ओझे पावणेतीनशे किलोच्या घरात जाई. शिवाय शिशाची बॅटरी पूर्ण रिकामी करू नये, केली तर आयुष्य झपाट्याने घटते. तिच्यातून जोराने वीज ओढली तर ती भरते त्यापेक्षा कमी देते, आणि डिस्टिल्ड वॉटर घालत राहावे लागते ते वेगळेच. आता लिथियम आयर्न फॉस्फेटचे ३.२ व्होल्टचे सोळा सेल ओळीने जोडा. ५१.२ व्होल्ट होतात, जुन्या मोटरला जवळजवळ ओळखीचाच दाब. २०० अँपिअर-तासाचा असा पॅक सव्वादहा युनिट वीज साठवतो आणि त्याचे सेल मिळून ७० किलोंच्या आतबाहेर भरतात. त्यातली बहुतेक वीज खरोखर वापरताही येते. कंपनीने २००९ साली रेवाची लिथियम आवृत्ती काढली, तेव्हा एका चार्जमधले अंतर ८० किलोमीटरवरून १२० वर गेले. मोटारीची जातकुळी तीच होती.

मात्र जुनी पेटी काढून नवी ठेवली की काम झाले, असे नाही. शिशासाठी बनवलेला चार्जर अधूनमधून बॅटरीला मुद्दाम जास्त दाब देतो, म्हणजे सगळे सेल सारखे भरावेत. शिशाला ते मानवते, पण लिथियमचा सेल ३.६५ व्होल्टच्या वर नेला तर खराब होतो. म्हणून चार्जर बदलावाच लागतो. डॅशबोर्डवरचा काटाही फसवतो. शिशाच्या बॅटरीचा दाब हळूहळू उतरतो, तर फॉस्फेटचा दाब शेवटपर्यंत सपाट राहून अचानक कोसळतो. त्यामुळे आत गेलेली आणि बाहेर आलेली वीज मोजणारे साधन लावावे लागते. दीडशे-दोनशे किलो वजन कमी झाले की त्या वजनासाठी घडवलेल्या स्प्रिंगा गाडीला उचलून धरतात आणि ती खड्ड्यांत उसळते. या सगळ्यांवर बीएमएस, म्हणजे प्रत्येक सेलचा दाब आणि तापमान पाहून वेळीच वीज तोडणारा पहारेकरी. तो स्वस्तातला घेणे म्हणजे घराला कुलूप न लावणे. ई-टू-ओसारख्या नंतरच्या गाड्यांत अडचण आणखी पुढची आहे. बॅटरी आणि गाडीचा संगणक एकमेकांशी बोलतात, आणि ती बोली मूळ कंपनीकडेच असते.

पहिला आक्षेप आगीचा, आणि मे महिन्यात पारा ४५ अंश ओलांडणाऱ्या नागपुरात तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात विजेवरच्या दुचाकी पेटल्या, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून केंद्राने बॅटरीच्या चाचण्या कडक केल्या. पण सगळे लिथियम सारखे नसते. निकेल-कोबाल्टच्या सेलपेक्षा फॉस्फेटचा सेल बऱ्याच जास्त तापमानापर्यंत टिकाव धरतो, आणि बिघडलाच तरी त्यातून प्राणवायू सहज सुटत नाही. उन्हाचा खरा फटका आयुष्याला बसतो. पूर्ण भरलेला पॅक तापल्या डांबरावर दिवसभर उभा राहिला तर लवकर झिजतो. म्हणून विदर्भातल्या गाडीने पहाटे भरून निघावे आणि दुपारी सावली शोधावी. हा दोष मान्य करायलाच हवा, पण उष्णतेने शिशाची बॅटरीही लवकर बसते. ऊन नवी गाडी घेतल्यानेही टळत नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा आणि कायद्याचा. इतका खर्च करण्यापेक्षा नवीच गाडी का घेऊ नये? माझ्या मते हा प्रश्न तराजूची दांडी आधीच एका बाजूला झुकवून विचारला जातो. १ ऑगस्ट २०१९ पासून विजेच्या नव्या वाहनावर जीएसटी ५ टक्के आहे. तीच लिथियम बॅटरी जुन्या गाडीसाठी सुटी घेतली तर १८ टक्के. म्हणजे अख्खी नवी गाडी घेणाऱ्याला सवलत, आणि आहे ती टिकवणाऱ्याला भुर्दंड. कायद्यातही हीच विसंगती दिसते. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम उत्पादकाच्या तपशिलापेक्षा वेगळा बदल विनापरवानगी करू देत नाही, आणि गल्लीतल्या जुगाडापासून रस्ता वाचवायला ते हवेच. पण १२ ऑगस्ट २०२० रोजी केंद्रीय परिवहन मंत्रालयाने विजेची वाहने बॅटरीशिवाय विकायला आणि नोंदवायला मुभा दिली. वाहनाच्या किमतीतला ३० ते ४० टक्के वाटा बॅटरीचा असतो, हे कारण त्यात नमूद होते. त्या वेळी नजरेसमोर दुचाकी आणि तीनचाकी होत्या, पण तत्त्व मोटारीलाही लागू पडते: गाडी वेगळी, बॅटरी वेगळी. या खात्याचे मंत्री नितीन गडकरी नागपूरचेच खासदार. चाचणीत उतरलेला पॅक जुन्या ई-टू-ओत बसवून आरटीओत एका अर्जावर नोंदवता यावा, बंद झालेल्या मॉडेलची बॅटरीची बोली कंपनीने गॅरेजांना खुली करावी आणि सुट्या पॅकवरचा कर ५ टक्क्यांवर यावा, ही मागणी नागपुरातूनच उठायला हवी.