आर्मरेस्टचं फाटलेलं कव्हर आधी स्वतः बदला, धंद्याचं मग बघू

मागच्या व्हिडिओखाली सगळ्यात जास्त प्रश्न एकाच गोष्टीवर आले. “सर, गाडीच्या सीटचं, आर्मरेस्टचं काम शिकून धंदा सुरू करता येईल का? मशीन कोणतं घेऊ?” मशीनचा प्रश्न थोडा बाजूला ठेवा. आधी एक आर्मरेस्ट स्वतःच्या हाताने करा, स्वतःच्या नाहीतर घरच्याच कुणाच्या गाडीचं. एका सुट्टीच्या दिवसाचं काम आहे. त्यातून तुम्हाला कळेल की या कामात वेळ कुठे जातो, आणि भाव ठरवताना तीच माहिती लागते.

दोन पुढच्या सीटच्या मधल्या कन्सोलवरचं झाकण असतं ना, ज्यावर आपण कोपर टेकतो, तेच इथे घेऊ. ते सुटं होतं, छोटं असतं आणि बिघडलं तरी गाडी अडून राहत नाही. दाराच्या आर्मरेस्टमध्ये काचेच्या बटणांच्या वायरी असतात, तो भाग नंतर.

सगळ्यात आधी मटेरियल. लोक ज्याला “लेदर” म्हणतात ते आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत कातडं नसतंच. ते पीव्हीसी असतं किंवा पीयू, म्हणजे कापडावर चढवलेला प्लॅस्टिकचा थर. बाजारात दोघांनाही सरसकट रेक्झिन म्हणतात. (रेक्झिन हे मुळात इंग्लंडमधल्या मँचेस्टरजवळच्या एका कंपनीच्या मालाचं नाव. कंपनी विसरली गेली, नाव आपल्या बाजारात राहिलं. ब्रँडिंगवर बोलताना मी हे उदाहरण नेहमी देतो.) पीव्हीसी उन्हाने कडक होतं आणि मग तडकतं. पीयू हाताला मऊ लागतं, पण दमट हवेत त्याचा वरचा थर सुटतो आणि पापुद्रे निघतात. म्हणून मुंबई-कोकणातल्या गाडीला स्वस्तातलं पीयू लावू नका, दोन-तीन पावसाळ्यांत गिऱ्हाईक परत येईल आणि ते नवीन काम घेऊन येणार नाही. जिथे कोपर रोज घासतो आणि घाम लागतो तिथे चांगल्या प्रतीचं, मागे विणलेलं ताणणारं कापड असलेलं पीव्हीसी मला जास्त भरवशाचं वाटतं.

खरेदीला जाताना मोबाईलमधला फोटो नेऊ नका, झाकण काढून सोबत न्या. काळा रंगसुद्धा एक नसतो. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली जुळलेला काळा बाहेर उन्हात निळसर दिसतो. दुकानाच्या दारात येऊन, दिवसाच्या उजेडात, रंग आणि दाणा दोन्ही जुळवा. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड गाड्यांच्या सामानासाठी माहीतच आहे. तुमच्या गावात सोफा-कुशनचं सामान विकणाऱ्याकडे विचारा, तिथेही मिळतं.

आता काम. झाकण बहुधा बिजागरीच्या स्क्रूवर असतं. काही गाड्यांत साधा फुलीचा स्क्रू नसून टॉर्क्स असतो, तेव्हा बिटचा छोटा सेट जवळ ठेवा. चुकीचा बिट फिरवून स्क्रूचं डोकं झिजवलं की पुढचं सगळं अवघड. क्लिप असतील तिथे लोखंडी पेचकस घालू नका, प्लॅस्टिकची पट्टी वापरा. झाकणाच्या खालची प्लेट काढली की कव्हरच्या कडा पिनांनी किंवा गमने बसवलेल्या दिसतील. प्रत्येक पायरीचा फोटो काढा.

इथून पुढे बहुतेक जण घाई करतात, म्हणून मी जरा सविस्तर सांगतो. जुनं कव्हर हाच तुमचा पॅटर्न. पण उसवण्याआधी त्यावर खडूने पुढची बाजू, मधली रेघ आणि दोन तुकडे जिथे जुळतात तिथे आडव्या खुणा करून घ्या. उसवल्यावर सगळे तुकडे सारखेच दिसतात. दुसरं म्हणजे जुनं कव्हर वर्षानुवर्षं ताणलेलं असतं. तसंच बेतलंत तर नवीन कव्हर ढिलं बसेल आणि वर चुण्या पडतील. पुठ्ठ्यावर आकार उतरवा, पुठ्ठा मूळ झाकणावर ठेवून बघा आणि जास्तीचे दोन-तीन मिलिमीटर तिथेच कमी करा. मग शिलाईची माया सगळीकडे सारखी, एक सेंटिमीटर. खाली वळवून चिकटवायच्या बाजूला मात्र दीड-दोन इंच सोडा, ओढायला काहीतरी हातात यायला हवं. हा पुठ्ठा फेकू नका. त्यावर गाडीचं मॉडेल आणि वर्ष लिहून ठेवा. पुढे त्याच मॉडेलची दुसरी गाडी आली की तुमचा तासभर वाचेल.

शिवताना कापडाची सवय विसरा. रेक्झिनला टाचणी लावली की भोक कायमचं राहतं, म्हणून कागदाच्या क्लिपांनी धरा. टाका लांब ठेवा, साधारण साडेतीन ते चार मिलिमीटर. बारीक टाक्याने शिवलं तर पोस्टाच्या तिकिटासारखी भोकांची रांग तयार होते आणि ताण आला की तिथूनच फाटतं. सुई १६ किंवा १८ नंबरची, दोरा पॉलिएस्टर किंवा नायलॉनचा. सुती दोरा घाम आणि उन्हाने कुजतो. घरचं शिलाई मशीन दोन थर शिवतं. वरून दुहेरी टीप मारायला गेलात की चार थर होतात आणि ते अडतं.

म्हणून मशीनच्या प्रश्नाला माझं उत्तर असं: सध्या घेऊ नका. तुमच्या गावात दप्तरं-बॅगा शिवणारा कुणीतरी असेलच. त्याच्याकडे जाड कामाचं मशीन आहे आणि वर्षानुवर्षांचा हात आहे. तुम्ही बेतून, खुणा करून द्या, तो टीप मारून देईल. मुद्रा योजनेत शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळतं हे खरं, पण मशीन कोपऱ्यात आणि हप्ता दर महिन्याला दारात, अशी अवस्था व्हायला वेळ लागत नाही. महिन्याला शिलाईवर बाहेर जाणारे पैसे हप्त्याच्या वर गेले की मग बँकेत जा.

फोम दबला असेल तर त्यावर पाच-सहा मिलिमीटरचा पातळ थर पुरे. जाड लावलात तर झाकणाचा खटका नीट बसणार नाही, आणि काही गाड्यांत हँडब्रेक ओढताना हात अडेल. गम सिंथेटिक रबरचा, फेविकॉल एसआर प्रकारचा. दोन्ही बाजूंना पातळ लावा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, बोटाला चिकट लागेल पण बोटावर येणार नाही असं झालं की मगच दाबा. ओलं असताना चिकटवलं तर सुटतं. या गमचा वास डोक्यात जातो आणि तो पेट घेतो, म्हणून उघड्यावर काम करा, आसपास गॅस किंवा बिडी-सिगारेट नको. ओढताना आधी चारही बाजूंचे मध्य पक्के करा, कोपरे शेवटी. कोपऱ्यावर हेअर ड्रायरची गरम हवा दिली की रेक्झिन मऊ होऊन वळतं. खालच्या बाजूने छोटे काप द्या, पण कडेपासून पाच मिलिमीटर अलीकडेच थांबा. पिन वापरत असाल तर आखूड पायाची घ्या, नाहीतर टोक वर येईल.

आता पैशाचं. हे आकडे धरून चाललेले आहेत, तुमच्या गावचे भाव घालून पुन्हा मांडा. रेक्झिनचा पन्हा बहुधा ५४ इंच असतो. एका झाकणाला १२ बाय १६ इंच लागतं असं धरा, तर एका मीटरमध्ये कागदावर ९ बसतात. दाण्याची दिशा, डाग, बेतण्यातली चूक धरून ६ च मोजा. मीटर ४०० रुपये असेल तर नगाला ६७ रुपये. फोम, गम, दोरा ६०. बाहेरची शिलाई ८०. झाले २०७. इथे बरेच जण थांबतात आणि “३५० ला देतो, दीडशे सुटले” म्हणतात. पण तुमचे दोन तास? तासाला १५० धरले तरी ३००. जाण्या-येण्याचं पेट्रोल ५०. म्हणजे ५५७. दहातलं एक काम पुन्हा करावं लागेल म्हणून दहा टक्के धरा, जवळपास ६१५ झाले. ३५० मध्ये तुम्ही काम केलंत तर गिऱ्हाइकाला पदरचे २६५ रुपये देऊन पाठवलंत. पहिलं काम तर दोन तासांत होणारच नाही, चार-पाच तास लागतील. ते शिक्षण समजा, पण भाव पहिल्या दिवसापासून पूर्ण सांगा. एकदा ३५० म्हटलं की तो आकडा गावभर होतो.

माझं मत विचाराल तर नुसत्या आर्मरेस्टवर दुकान चालत नाही. पण दार उघडायला हे काम चांगलं आहे. आर्मरेस्ट नीट झालं की तोच माणूस स्टिअरिंग कव्हर, गिअरचा बूट, दाराची पॅनेल विचारतो. सीटचं काम आलं तर मात्र आधी सीटच्या बाहेरच्या कडेला एअरबॅगचं लेबल आहे का बघा. साइड एअरबॅग त्या कडेच्या शिलाईतून फुटून बाहेर येते. ती शिलाई घट्ट केली किंवा वरून कव्हर शिवलं तर अपघातात ती अडकेल. कितीही पैसे देत असले तरी अशा सीटला हात लावू नका, सरळ कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला पाठवा.

गिऱ्हाइकाला पीयू लावून “लेदर” म्हणू नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मालाचं खोटं वर्णन ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि बिलावर तुमच्याच अक्षरात “लेदर” लिहिलेलं असेल तर पुढे बोलायला काही उरत नाही. बिलावर “पीव्हीसी रेक्झिन, शिलाईची हमी ६ महिने” एवढं लिहा. गाडी हातात घेताना आतले ओरखडे दाखवून फोटो काढा आणि त्याच्या समोरच त्याला पाठवा.

कामं कुठून आणायची? वॉशिंग सेंटर, टॅक्सीवाले आणि जुन्या गाड्यांचे डीलर. डीलर एकदम पाच गाड्या देतो, कारण फाटलेलं आर्मरेस्ट दिसलं की गिऱ्हाईक गाडीचा भाव पाडून मागतं. पण तो पैसे “गाडी विकली की” देतो. त्याला नमुना म्हणून एक झाकण करून द्या, तेही पैसे घेऊनच, आणि पुढच्या प्रत्येक लॉटला मटेरियलचे पैसे आगाऊ मागा. तो नाही म्हणाला तर वॉशिंग सेंटरवाल्याकडे जा. तिथे गाडीचा मालक स्वतः उभा असतो आणि त्याचं कोपर रोज त्याच फाटक्या जागेवर टेकत असतं.