दुःखाचे सोने?

'दुःखाने माणूस घडतो' हे वचन आम्ही माळव्यातील मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. गजानन माधव मुक्तिबोधांची आठवण झाली, की मला त्याची शंका येते. १९१७ साली ग्वाल्हेर संस्थानातील श्योपूर येथे जन्म. धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत लिहीत, हे हिंदीत. मास्तरकी, पत्रकारी आणि कायमची ओढगस्त. १९६२ साली त्यांच्या इतिहासाच्या पुस्तकावर मध्य प्रदेश सरकारने बंदी घातली. १९६४ साली, वयाच्या ४६ व्या वर्षी ते गेले. पहिला काव्यसंग्रह निघाला तो त्यानंतर. विपत्तीने त्यांच्या कवितेला धार आली, हे खरे. पण वेळेवर मिळालेल्या चार सुखाच्या घासांनी ती बोथट झाली असती, असे कोण म्हणेल? दुःखाचे गोडवे गाण्यापूर्वी शेजारच्या दुःखिताची विचारपूस करावी, हेच बरे.