नसलेल्या मेन्यूचा रस्ता

मार्चअखेरीस एखाद्या कर सल्लागाराकडे तासभर बसलं की माउस किती कमी हलतो ते दिसतं. शेजारच्या टेबलावरच्या बाईंचा उजवा हात बिलांच्या गठ्ठ्यावर असतो, डावा कीबोर्डवर. एक्सेलमधला एक रकाना त्या कॉपी करतात आणि मग ऑल्ट, ई, एस, व्ही. चारही कळा डाव्या हाताच्या. उजवा हात येतो तो फक्त एंटरपुरता. सूत्रं गळतात, नुसते आकडे उरतात. यातला ‘ई’ कशाचा, असं विचारलं तर म्हणाल्या, “एडिट मेन्यूचा.” आणि तो मेन्यू पडद्यावर कुठे आहे? त्यांनी वर पाहिलं. कुठेच नाही.

एक्सेलमधला एडिट मेन्यू २००७च्या आवृत्तीत गेला आणि त्याच्या जागी रिबन नावाची बटणांची पट्टी आली. रस्ता मात्र राहिला. आजही ऑल्ट आणि ई दाबलं की एक छोटी चौकट उमटते: ही जुन्या ऑफिसची कळ आहे, पुढचं अक्षर दाबा. याच एक्सेलमध्ये त्याहून जुनी वाटही आहे. कोऱ्या सेलवर नुसती तिरकी रेघ, म्हणजे स्लॅश दाबा; ऑल्ट दाबल्यासारखी रिबनवर अक्षरं उमटतात. ही कळ लोटस १-२-३ या १९८३च्या प्रोग्रॅमची. त्यात स्लॅश दाबल्यावर वर्कशीट, रेंज, कॉपी, मूव्ह, फाइल, प्रिंट, ग्राफ, डेटा अशी ओळ यायची. प्रत्येक शब्दाचं इंग्रजी आद्याक्षर वेगळं, कारण ते अक्षर हीच कळ. फाइल जतन करायची तर स्लॅश, एफ, एस. काही दिवसांत माणूस ओळ वाचायचं सोडून द्यायचा आणि बोटंच चालायची.

ही बोटांची सवय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. बोरलँड कंपनीनं आपल्या क्वाट्रो प्रो या स्प्रेडशीटमध्ये लोटसची मेन्यूरचना जशीच्या तशी देऊ केली होती. लोटसच्या गिऱ्हाइकांना नव्यानं शिकावं लागू नये म्हणून. लोटसनं दावा लावला. वाद होता ४६९ आज्ञा आणि पन्नासहून जास्त मेन्यू-उपमेन्यूंच्या मांडणीचा. १९९५ साली अपील न्यायालयानं ठरवलं की ही मांडणी म्हणजे यंत्र चालवण्याची पद्धत आहे, व्हीसीआरच्या बटणांसारखी. तिच्यावर कॉपीराइट चालत नाही. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात मतं चार विरुद्ध चार अशी पडली आणि खालचा निकाल कायम झाला.

विंडोजनं हीच अक्षरांची रीत मेन्यूपट्टीवर आणली. आयबीएमनं १९८७ साली ‘कॉमन यूजर अॅक्सेस’ नावाची नियमावली काढली होती. मदतीला एफ-१, मेन्यूपट्टीवर जायला एफ-१०, खिडकी बंद करायला ऑल्ट-एफ-४ या सवयी तिच्याच. प्रोग्रॅम लिहिणारा मेन्यूच्या नावात एका अक्षराआधी ‘&’ चिन्ह ठेवतो आणि ते अक्षर अधोरेखित होतं. एका मेन्यूत दोन आज्ञांना एकच अक्षर पडलं तर कळ दाबल्यावर आज्ञा चालत नाही, निवड नुसती एकीवरून दुसरीवर जाते. नावापुढे तीन टिंबं असतील तर आधी एक चौकट उघडून आणखी काही विचारलं जाणार. छोटा त्रिकोण असेल तर आत उपमेन्यू आहे, उजव्या बाणानं उघडायचा. सगळ्या खुणा पडद्यावरच आहेत. फक्त विंडोज २०००पासून अक्षरांखालच्या रेघा ऑल्ट दाबेपर्यंत लपलेल्या असतात, म्हणून त्या आहेत हेच पुष्कळांना ठाऊक नसतं.

मॅकवर बसलं की ही बोटं उपाशी राहतात. तिथे अधोरेखित अक्षरं नाहीत. १९८४च्या पहिल्या मॅकिंटॉशच्या कीबोर्डवर तर बाणाच्या कळाही नव्हत्या. लोकांनी माउस हाती घ्यावा हाच हेतू होता. आज कंट्रोल-एफ-२ दाबून मेन्यूपट्टीवर जाता येतं. लॅपटॉपवर जोडीला एफएन, कारण वरच्या ओळीतली ती कळ एरवी पडद्याचा उजेड वाढवते. तिथून नावाची पहिली एकदोन अक्षरं टाइप केली की निवड तिथे जाते, मग रिटर्न. पण मॅकची खरी वाट दुसरी आहे. कमांड-शिफ्ट-स्लॅश दाबलं की हेल्प मेन्यू शोधपेटीसह उघडतो. आज्ञेचं नाव टाइप करा, यादीतल्या नावावर बाणानं या. ती आज्ञा ज्या मेन्यूत आहे तो आपोआप उघडतो आणि एक निळा बाण तिच्याकडे बोट दाखवतो. २००७च्या लेपर्ड या आवृत्तीपासूनची ही सोय. शहरात पत्ता लागतो, गावात नाव सांगितलं तरी कुणीतरी दारापर्यंत पोचवतं. विंडोज आणि मॅक यांच्यात फरक आहे तो इतकाच. नाव मात्र बरोबर हवं. सिस्टिम सेटिंग्जमध्ये एखाद्या आज्ञेला स्वतःची कळ नेमून देता येते, पण तिथे मेन्यूतलं नाव तंतोतंत लिहावं लागतं, शेवटच्या टिंबांसकट.

लिनक्सवर दोन्ही रिती नांदतात. गनोम या डेस्कटॉपमध्ये अधोरेखित अक्षरं असतात आणि तीन रेघांचा मेन्यू एफ-१०नं उघडतो. उबुंटू या लिनक्सच्या प्रकारानं २०१२ साली ऑल्टची कळ नुसती टिचकावली की शोधपेटी उघडेल अशी सोय आणली होती. मेन्यू न उघडताच आज्ञा टाइप करायची. २०१७ साली उबुंटूनं युनिटी हा आपला डेस्कटॉप सोडला आणि त्याबरोबर ती सोयही गेली. कल्पना मात्र टिकली: लिब्रेऑफिसच्या ७.२ आवृत्तीपासून शिफ्ट-एस्केप दाबून आज्ञा नावानं शोधता येते, तिन्ही प्रणालींवर.

नावानं शोधणं नवख्याला सोपं. रोज दोनशे वेळा तेच काम करणाऱ्याला मात्र पत्ताच हवा, आणि तो न बदलणारा हवा. टॅली या हिशेबाच्या प्रोग्रॅमवर काम करणाऱ्या कुणालाही विचारा. एफ-५ पेमेंट, एफ-६ रिसीट, एफ-७ जर्नल, एफ-८ विक्री, एफ-९ खरेदी. २०२०मध्ये टॅलीप्राइम आलं, पडद्याचा चेहरामोहरा बदलला, ऑल्ट-जी दाबून हवा तो रिपोर्ट नावानं शोधायची सोय आली. पण या पाच कळा हलल्या नाहीत. क्रेडिट नोट आणि डेबिट नोटच्या कळा बदलल्या, तेव्हा जुनी बोटं तिथेच अडखळली. कर सल्लागाराकडच्या बाईंचा अभिप्राय असा होता की नवा पडदा अर्ध्या दिवसात सवयीचा होतो, नवी कळ महिनाभर होत नाही.

ज्यांना पडदा दिसतच नाही त्यांच्यासाठी हा प्रश्न सोयीचा उरत नाही. एनव्हीडीए हा फुकट मिळणारा स्क्रीन रीडर ऑस्ट्रेलियात २००६ साली सुरू झाला. त्याच्यासोबत काम करणाऱ्या एका अंध मित्राचं काम मी ऐकत बसलो होतो. पाहण्यासारखं तिथे काही नव्हतं, त्यानं पडदा बंदच ठेवला होता. ऑल्ट दाबलं की आवाज मेन्यूचं नाव सांगतो, मग कुठलं अक्षर दाबायचं तेही सांगतो. खालच्या बाणाबरोबर एकेक आज्ञा वाचली जाते, आत्ता चालत नसेल तर ‘उपलब्ध नाही’ असंही कळतं. मग त्यानं टूलबारवर जाऊन दाखवलं. ज्या चित्राला प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं नाव दिलेलं नाही तिथे आवाज फक्त ‘बटण’ म्हणतो. बटण, बटण, बटण. मेन्यूत असं होत नाही, कारण तिथली प्रत्येक आज्ञा शब्दांत लिहावीच लागते.

म्हणून नवा प्रोग्रॅम हाती आला की माउस बाजूला ठेवून पाहावं. विंडोजवर ऑल्ट, मॅकवर कंट्रोल-एफ-२, लिनक्सवर एफ-१०. काहीच हललं नाही, तर तो कितीही देखणा असो, बनवणाऱ्यानं आपली गिऱ्हाइकं मोजताना काही माणसं वगळली आहेत. आणि पुढच्या आवृत्तीत मेन्यूची फेररचना करायचीच असेल तर खुशाल करावी. जुन्या कळा तेवढ्या चालू ठेवाव्यात. त्या शिकायला लागलेला वेळ कंपनीचा नव्हता, वापरणाऱ्याचा होता.