फ्रेंच स्वरांचे अनुनासिकत्व आणि शेजारच्या ध्वनींचा प्रभाव

मृदुतालू खाली आला म्हणजे श्वास मुखाबरोबर नाकावाटेही वाहू लागतो व स्वर अनुनासिक होतो. ही हालचाल क्षणात पुरी होत नसल्यामुळे नासिक्य व्यंजनाशेजारचा स्वर बहुतेक भाषांत थोडाफार अनुनासिक होतोच. फ्रेंचमध्ये मात्र येथे एक प्रश्न उपस्थित होतो. ‘बोँ’ (चांगला) या पुल्लिंगी रूपात स्वर अनुनासिक असून पुढे व्यंजन नाही. ‘बॉन’ (चांगली) या स्त्रीलिंगी रूपात स्वर मौखिक व त्यापुढे नकार आहे. या नकाराने मागील स्वर रंगविला, तर हा भेद अस्पष्ट होणार नाही काय?

ॲबिगेल कोन यांनी १९९० च्या प्रबंधात नाकावाटे वाहणाऱ्या हवेचे मापन केले. त्यात असे दिसले की, ‘बॉन’सारख्या शब्दांत स्वर जवळजवळ अखेरपर्यंत मौखिक राहतो. इंग्रजीत मात्र अशाच स्थानी नासिक्य बरेच आधी सुरू होते. याउलट, नासिक्य व्यंजनानंतर येणाऱ्या फ्रेंच स्वरात त्याचा अंश अधिक उतरतो. तरीही ‘मॅ’ (परंतु) आणि ‘मॅँ’ (हात) यांत गोंधळ होत नाही. कारण पहिल्यात तो अंश ओसरत जातो, दुसऱ्यात अखेरपर्यंत टिकतो.

हा संयम केवळ शरीररचनेतून आलेला नव्हे. जुन्या फ्रेंचमध्ये नकार-मकारापूर्वीचे स्वरही अनुनासिक होत. पुढे ते मौखिक झाले. मोलिएरच्या १६७२ मधील ‘ले फाम साव्हांत’ या नाटकात मोलकरीण ‘व्याकरण’ हा शब्द ‘आजी’ असा ऐकते. त्या विनोदामागे हाच जुना उच्चार आहे.

अनुनासिक स्वरही शेजाऱ्यांवर परिणाम करतो. ‘लाँग मातॅर्नेल’ (मातृभाषा) या शब्दप्रयोगात अनुनासिक स्वर व मकार यांच्या मध्ये सापडलेला गकार जलद बोलण्यात ‘ङ्’ होतो. दक्षिण फ्रान्समध्ये तर ‘शाँब्र’ (खोली) या शब्दात बकारापूर्वी स्पष्ट मकार ऐकू येतो. ‘आंबा’ उच्चारण्याची सवय असलेला मराठी विद्यार्थी नकळत हाच उच्चार करतो. पॅरिसच्या प्रमाण उच्चारात मात्र तो बसत नाही.

तात्पर्य, शेजारचा ध्वनी प्रभाव पाडतो खरा; परंतु तो किती व कोणत्या दिशेने पडू द्यावा, हे प्रत्येक भाषेची व्यवस्था ठरविते.