सर्जनशील लेखन, गुण ५०

‘कथालेखनाची तंत्रे सोदाहरण स्पष्ट करा.’ सर्जनशील लेखनाच्या पेपरात असा प्रश्न येऊ शकतो, गाईडमधून पाठ केलेलं उत्तर त्याला चालतं, आणि जन्मात एकही गोष्ट न लिहिता विद्यार्थी त्यात उत्तम गुण घेऊन जातो. अभ्यासक्रमांच्या मसुद्यांवर बसताना हा प्रश्न मला वेगवेगळ्या शब्दांत अनेकदा भेटला आहे. तो आपल्या पेपरात शिरला कसा, हे शोधायला निघालं की पहिली गाठ पडते ती ना. सी. फडक्यांशी.

फडक्यांचं ‘प्रतिभासाधन’ १९३१ सालचं. गोष्ट कशी सुरू करावी, पात्रं कशी उभी करावीत, शेवट कुठे करावा, हे सगळं शिकता येतं आणि शिकवता येतं, असं मराठीत एवढ्या ठामपणे आधी कुणी म्हटलं नव्हतं. पुढे ‘लघुकथा : तंत्र आणि मंत्र’ही आलं. गंमत अशी की फडके स्वतः कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकवायचे ते तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान. अकराव्या शतकातल्या काश्मिरी क्षेमेंद्राने ‘कविकण्ठाभरणा’त शिष्यांचे प्रकार पाडले, तेव्हा ज्यांना काव्य शिकवणं अशक्य अशांच्या गटात व्याकरणाने आणि तर्काने होरपळलेले लोक बसवले होते. फडके त्याच्या वर्गात बसले असते तर त्याला प्रकार वाढवावा लागला असता.

फडक्यांच्या पुस्तकांवर तरुणांच्या पिढ्या पोसल्या, आणि साच्यातल्या कथांचा सुकाळ झाला. १९४५च्या आसपास गाडगीळ, गोखले, भावे, माडगूळकर आले, नवकथा आली, आणि ‘तंत्र’ ही मराठी समीक्षेत जवळजवळ शिवी झाली. ‘तंत्रशरण’ म्हटलं की कथा निकालात. माझ्या मते या भांडणात एक नुकसान झालं आणि त्याची नोंद कुणी घेतली नाही. फडके तयार कथेची मोडणी करून दाखवत. कच्च्या कथेचं काय करायचं, हा त्यांचा विषय नव्हता. त्यांच्या विरोधकांनी साचा नाकारला हे ठीकच, पण त्याबरोबर शिकवण्याची कल्पनाही टाकून दिली. लेखक जन्मावा लागतो, हे मराठी विभागांचं अधिकृत मत बनलं ते तेव्हापासून.

हे मत धरून बसताना आपण वर्गात काय शिकवतो, याकडे मात्र दुर्लक्ष झालं. एम.ए.च्या प्रत्येक विद्यार्थ्याला मम्मटाचे काव्यहेतू पाठ असतात: शक्ती, निपुणता आणि अभ्यास. तिसऱ्यात अभिप्रेत आहे तो जाणकाराच्या हाताखाली केलेला सराव. क्षेमेंद्र तर याहून व्यवहारी. आधी अर्थाची पर्वा न करता नुसते शब्द वृत्तात बसवा, दुसऱ्याच्या श्लोकातले शब्द बदलून पाहा, असे गृहपाठ तो देतो. उर्दूत उस्तादाने शागिर्दाच्या गझलेवर ‘इस्लाह’ करणं ही मान्य रीत होती. म्हणजे परंपरा हाताशी होती. आपण ती ‘टीप लिहा’मध्ये घातली.

फडक्यांच्याच काळात अमेरिकेत आयोवा विद्यापीठाने वेगळी वाट धरली होती. १९२२ साली तिथे पदवीसाठी प्रबंधाऐवजी सर्जनशील लेखन स्वीकारायचं ठरलं आणि १९३६ मध्ये विल्बर श्रॅम यांच्या हाताखाली रायटर्स वर्कशॉप उभं राहिलं. पुढे पॉल एंगल यांनी ते नावारूपाला आणलं. पद्धत साधी: एकाचं लेखन आधी सगळ्यांना वाटायचं, मग सगळ्यांनी त्यावर बोलायचं, आणि लेखकाने तोवर गप्प बसायचं. इंग्लंडमध्ये ईस्ट अँग्लिया विद्यापीठाने असा अभ्यासक्रम सुरू केला तो थेट १९७० मध्ये. आपले दिलीप चित्रे १९७५ मध्ये आयोवाला गेले ते तिथल्या आंतरराष्ट्रीय लेखक कार्यक्रमासाठी. तो निराळा, आधीच लेखक असलेल्यांचा. मराठी विभागांना यातलं काही ठाऊक नव्हतं असं नाही. हे तिकडचं, अशी समजूत होती.

मग मराठी लेखक शिकले कुठे? कॉलेजात लेखक भरपूर होते. गाडगीळ अर्थशास्त्र शिकवत, विंदा इंग्रजी, जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजीच. लेखन मात्र कुणी शिकवत नव्हतं. ते शिकवण्याचं काम चालायचं गिरगावात, खटाववाडीत, ‘सत्यकथा’ मासिकाच्या कचेरीत. ‘सत्यकथा’ १९३३ साली सुरू झाली आणि १९८२ मध्ये बंद पडली. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांची संपादकीय पत्रं हा मराठीतला सगळ्यात लांब चाललेला लेखनवर्ग होता, असं मी बेधडक म्हणेन. कथा यायची, वाचली जायची, आणि परत जायची ती ‘हा परिच्छेद इथे का?’ अशा विचारणेसह. लेखक पुन्हा लिहायचा. पुन्हा यायची. पटवर्धनांनी केलेला ‘पाडस’ हा अनुवाद ज्याने वाचला आहे त्याला कळेल की त्यांचा कान वाक्याच्या वजनाला किती तयार होता. तो कान पोस्टाने फुकट मिळत होता.

या वर्गाला प्रवेशपरीक्षा होती, हेही खरं. विशिष्ट अभिरुचीच्या पलीकडलं बरंच काही उंबऱ्याबाहेर राहिलं. १९६९ मध्ये लिटल मॅगझिनच्या तरुणांनी ‘सत्यकथे’ची जाहीर होळी केली ती उगाच नाही. पण होळी करणारेही एकमेकांच्या कविता सायक्लोस्टाइल करून, वाचून, भांडूनच शिकत होते.

अभ्यासक्रम आखणाऱ्याने सर्वांत जास्त वेळ जिथे रेंगाळावं अशी जागा माझ्या लेखी मुंबई-पुण्यात नाही; ती औरंगाबादेत, नागसेनवनात आहे. बाबासाहेबांनी १९५० साली उभं केलेलं मिलिंद महाविद्यालय. खेड्यापाड्यांतून आलेली, घराण्यातली पहिली शिकणारी मुलं. अमेरिकेतून संशोधन करून परतलेले म. ना. वानखेडे तिथे प्राचार्य होते; कृष्णवर्णीयांच्या साहित्याची ओळख त्यांनी या मुलांना करून दिली. मराठी शिकवायला गंगाधर पानतावणे. साठच्या दशकाच्या अखेरीस तिथल्या वर्तुळातून जे नियतकालिक निघालं ते पुढे ‘अस्मितादर्श’ म्हणून जवळपास पाच दशकं पानतावण्यांनी चालवलं, त्याचे मेळावे भरवले, नवे हात लिहिते केले. तिथे ‘सर्जनशील लेखन’ नावाचा पेपर नव्हता. पण लेखनाचा वर्ग चालायला लागतं ते सगळं होतं: तुझं जगणं लिहिण्याजोगं आहे असं सांगणारा शिक्षक, दूरच्या कुणीतरी तसंच लिहिलं आहे याचा पुरावा, छापायला पान, आणि रात्री वाचून दाखवायला वसतिगृहातला सोबती. यातलं कुठलं कलम आपल्या अभ्यासक्रमाच्या ठरावीक नमुन्यात बसतं, ते मी अजून शोधतो आहे. तिथे घटक, तासिका, श्रेयांक आणि संदर्भग्रंथ असे चार रकाने असतात.

मराठी विभागांनी स्वतः लेखनाकडे पहिलं पाऊल टाकलं ते नोकरीच्या चिंतेतून. व्यावहारिक मराठी, पुढे उपयोजित मराठी. अर्ज, इतिवृत्त, जाहिरात, बातमी, मुलाखत. नाकं मुरडली गेली, पण मी त्या पेपराच्या बाजूने आहे. बातमीचं पहिलं वाक्य लिहायला शिकलेला मुलगा गोष्टीचंही बरं लिहितो. गडबड झाली ती पुढे. ‘सर्जनशील लेखन’ हा त्याच पेपरात एक घटक म्हणून आला, आणि एका घटकात कथा, कविता, ललितगद्य, एकांकिका असे चारही प्रकार कोंबले गेले. तेवढ्या तासिकांत लिहून घेणं अशक्य, मग उरतं काय? स्वरूप, व्याख्या, वैशिष्ट्ये. तिथे फडके मागच्या दाराने परत आले, फक्त त्यांची रंगत मागे राहिली. सुरुवातीचा तो प्रश्न जन्मला तो या घटकात.

आता नव्या शैक्षणिक धोरणाने दार जरा मोठं उघडलं आहे. महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून कौशल्याधारित पेपर आले. दोन श्रेयांक, ५० गुण. आखणी करताना बहुतेकांची चर्चा घटकांवर अडते: कविता आधी की कथा, पटकथा घ्यायची का, ब्लॉग घ्यायचा का. कळीचा मुद्दा निराळाच आहे. एका श्रेयांकाला तात्त्विक पेपर असेल तर १५ तास मिळतात, प्रात्यक्षिक असेल तर ३०. म्हणजे हाच पेपर व्याख्यानाचा म्हणून मांडला तर सत्रात ३० तास, प्रात्यक्षिक म्हणून मांडला तर ६०. रसायनशास्त्राला प्रात्यक्षिकाची तुकडी मागताना कुणाला लाज वाटत नाही. भाषा विभागांना सवयच नाही. प्रयोगशाळा कुठे आहे, असं विचारलं जातं. वर्ग, वह्या आणि फळा, एवढं उत्तर पुरायला हवं.

मी पाहिलेल्या मसुद्यांत माझ्या दृष्टीने सर्वांत शहाणा तो होता ज्यात साहित्यप्रकार एकच ठेवला होता, गद्य कथन. सुरुवातीचे आठवडे लिहायचं ते फक्त ऐकलेलं: एस.टी. स्टँडवरचं बोलणं, बाजारातली घासाघीस, आजीने सांगितलेली हकिकत, जशीच्या तशी. हे वाटतं तितकं सोपं नाही. मराठवाड्यातली मुलगी घरी जी भाषा बोलते ती कागदावर आली की एकदम शासकीय होते, आणि संवाद लिहायला सांगितले तर मालिकेतल्या सासूबाई बोलू लागतात. अशा वर्गात उद्धव शेळक्यांची ‘धग’ किंवा माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’ रसग्रहणासाठी वाचायची नसते. ती परवान्यासारखी दाखवायची असते: बघ, असं छापतात.

आयोवाची पद्धत इथे जशीच्या तशी लावता येत नाही, हे मात्र प्रत्यक्ष पाहून कळतं. तिथे देशभरातून आलेली, एकमेकांना अनोळखी माणसं टेबलाभोवती बसतात. तालुक्याच्या कॉलेजात गोष्टीतल्या काकाचा मुलगा पुढच्या बाकावर असतो. मुलीने घरातल्या मारहाणीवर लिहिलं आणि ते साठ जणांत वाचलं गेलं, तर संध्याकाळपर्यंत ते गावात पोचतं. जातीबद्दल लिहिलं तर वर्गात जी शांतता पसरते तिला चर्चा म्हणता येत नाही. म्हणून पहिला खर्डा फक्त शिक्षकाने पाहायचा, वर्गात न्यायचा की नाही हे लिहिणाऱ्याने ठरवायचं, आणि न नेल्याचे गुण कापायचे नाहीत. मसुद्यात हे कलम घालायचं म्हटलं की पहिली हरकत येते: मग मूल्यमापन पारदर्शक कसं?

गुणांचंही तेच. कथेला ५० पैकी किती द्यायचे हे कुणालाच माहीत नाही, मग ते लेखनाच्या तंत्रांवरच्या प्रश्नाला देणं सोपं पडतं. यातून एक वाट आहे आणि ती ‘सत्यकथे’च्या परत आलेल्या पाकिटातून दिसते. पहिल्या आणि दुसऱ्या खर्ड्यात काय बदललं, एवढ्यालाच गुण द्यायचे. दोन्ही खर्डे आणि मधली शिक्षकाची टिप्पणी एकत्र जोडायची. बाहेरच्या परीक्षकालाही ते तपासता येतं. पहिला खर्डा वर्गात, हाताने. चॅटजीपीटीला लिहायला लावलेली गोष्ट ओळखण्याच्या खेळात शिक्षकाने पडूच नये. दुसऱ्या खर्ड्याला ‘हे वाक्य का बदललंस?’ एवढं विचारलं तरी पुरतं.

हे सगळं कागदावर बसतं. मग हिशेब करावा लागतो. ६० मुलं, प्रत्येकाची आठशे शब्दांची गोष्ट, दोन खर्डे: ९६ हजार शब्द. एक भरघोस कादंबरी, समासात टिप्पण्यांसह, एका सत्रात, एका शिक्षकाने वाचायची. इतर पेपर वेगळे.

लेखकालाच बोलवा, असं कुणीतरी म्हणतं. तेही आता शक्य आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार आपल्या क्षेत्रात १५ वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाला ठरावीक पदव्या नसल्या तरी ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ म्हणून नेमता येतं. मराठीत नेट-सेट नसलेल्या चांगल्या लेखकांची कमी नाही. अट एवढीच की अशी पदं मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नकोत. ही टक्केवारी संस्थेच्या सगळ्या पदांवर मोजायची असते हे कबूल. पण गमतीने विभागापुरती मोजली, तर मंजूर पदं दोन असलेल्या मराठी विभागाच्या वाट्याला एक पंचमांश लेखक येतो.

तोवर हा पेपर शिकवतात ते बहुतेक ठिकाणी तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक, आणि मी पाहिलंय, त्यांच्यातले कितीतरी स्वतः लिहिणारे आहेत, या कामाला अगदी लायक. त्यांना मानधन मिळतं ते वर्गात घेतलेल्या तासाचं. मानधनाच्या बिलात तारीख, वर्ग, विषय, तासिका असे रकाने असतात. घरी नेऊन तपासलेल्या वह्यांचा रकाना त्यात नाही, आणि अभ्यास मंडळाला तो घालण्याचा अधिकारही नाही.