आकाशगंगेच्या केंद्राचे वजन

मे महिन्याच्या मध्यावर, रात्री अडीचच्या सुमारास, खामगावच्या कुठल्याही गच्चीवरून दक्षिणेकडे पाहा. क्षितिजापासून सुमारे ४० अंश उंचीवर, वृश्चिकाची नांगी आणि पूर्वाषाढा नक्षत्र यांच्या दरम्यान, आपल्या आकाशगंगेचे केंद्र आहे. (जूनअखेर ते अधिक सोयीच्या वेळी तेथे येते, पण तेव्हा आपल्याकडे ढग!)

दिसणार मात्र काहीच नाही. केंद्र सुमारे २६ हजार प्रकाशवर्षे दूर आहे आणि वाटेत इतकी धूळ आहे, की तिकडून निघालेल्या लाख कोटी दृश्य प्रकाशकणांपैकी जेमतेम एक आपल्यापर्यंत पोचतो. अवरक्त किरण आणि रेडिओ लहरी मात्र या धुळीतून पार होतात.

"सर, दिसत नाही, तर तिथे कृष्णविवर आहे हे कशावरून? हा विश्वासच झाला की!" असे अकरावीतल्या एका मुलाने मला विचारले. प्रश्न रास्त होता. उत्तर फळ्यावर दोन ओळींत मावले.

केंद्राजवळ एस-२ नावाचा एक तारा आहे. राइनहार्ड गेन्झेल आणि अँड्रिया गेझ यांच्या दोन स्वतंत्र गटांनी १९९० च्या दशकापासून त्याच्यावर पाळत ठेवली. त्याची एक फेरी १६ वर्षांची. कक्षेचा अर्धदीर्घाक्ष पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे १००० पट. आता केपलरचा तिसरा नियम आठवा. अंतर या एककात आणि काळ वर्षांत घेतला, तर अंतराच्या घनाला काळाच्या वर्गाने भागले की मधल्या वस्तूचे वस्तुमान 'इतके सूर्य' असे मिळते. १००० चा घन १०० कोटी, १६ चा वर्ग २५६. भागाकार सुमारे ३९ लाख. अचूक मोजमापांतून ४३ लाख येतात. खडू-फळ्याच्या मानाने हे वाईट नाही!

पण तेथे विझलेल्या ताऱ्यांचा दाट पुंज का नसावा? मे २०१८ मध्ये एस-२ केंद्रापासून अवघ्या १२० एककांवरून, म्हणजे नेपच्यूनच्या अंतराच्या चौपटीवरून, सेकंदाला साडेसात हजार किलोमीटरहून अधिक वेगाने, कशालाही न अडखळता निघून गेला. तेवढ्या जागेत लाखो ताऱ्यांचा पुंज फार काळ टिकत नाही. गेन्झेल आणि गेझ यांना २०२० च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

केंद्राभोवती तारे आहेत तसा वायूही आहे, आणि त्यातला आयनीभूत वायू लांब रेडिओ लहरी शोषून घेतो. त्यामुळे कमी कंप्रतेवर केंद्र टिपणे अवघड. ते काम आपल्या जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीने केले. तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या वापरून सुभाशीष रॉय आणि ए. प्रमेश राव यांनी ६२० मेगाहर्ट्झवर केंद्राचा स्रोत वेगळा ओळखला. ते निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले.

आपले केंद्र तसे सुस्त आहे, कारण त्यात वायू फारसा पडत नाही. जिथे तो पडतो, तिथे घर्षणाने तापतो आणि केंद्र झळाळते. श्यामशबल तारकासमूहातली एनजीसी ४२५८ ही सर्पिल दीर्घिका अशी सक्रिय आहे. ती सुमारे अडीच कोटी प्रकाशवर्षे दूर. केंद्रालगतचे तारे सुटे दिसत नाहीत. तिथे वायूच साक्ष देतो. केंद्राभोवतीच्या तबकडीतल्या पाण्याच्या वाफेतून १.३ सेंटिमीटरच्या लहरी येतात. डॉप्लर परिणामावरून त्या वाफेचा वेग १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. आतला वायू वेगवान, बाहेरचा मंद, अगदी ग्रहांसारखा!

आता वही घ्या. आतल्या कडेच्या वायूचा वेग पृथ्वीच्या कक्षेतील वेगाच्या सुमारे ३६ पट आहे आणि केंद्रापासूनचे अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे ३० हजार पट. वेगाच्या वर्गाला अंतराने गुणा. तिथले कृष्णविवर किती सूर्यांचे?